मधले दुवे आणि देवमाशाचा घोटा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, मुलगा नववीत आहे आणि यंदा त्याला जीवशास्त्रात उत्क्रांती आहे. त्याच्या एका मित्राच्या घरी बायबल शब्दशः मानतात. त्यांच्या हिशेबाने पृथ्वी सहा ते दहा हजार वर्षांची आहे आणि जीवाश्म म्हणजे नोहाच्या पुरात गाडले गेलेले प्राणी. त्या मित्राने विचारलं, "एका प्राण्याचा दुसरा झाला म्हणता, तर मधला एक तरी दाखव." तुमच्या मुलाने आर्किऑप्टेरिक्सचं, म्हणजे पिसं आणि दात दोन्ही असलेल्या जुन्या जीवाश्माचं, नाव घेतलं. त्यावर मित्र म्हणाला, "तो पक्षीच आहे. आणि समज, मधला मानला, तरी आता एका फटीच्या दोन फटी झाल्या." मुलगा गप्प झाला. घरी येऊन त्याने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही मला.

मी तीस वर्षं भूविज्ञान शिकवलं. त्यातले बरेच हिवाळे विद्यार्थ्यांना घेऊन कच्छच्या माळांवर काढले. त्यामुळे पक्ष्यांचं राहू दे, मी देवमाशाचंच उदाहरण घेतो. त्यातले काही दगड मी स्वतःच्या हातांनी झाडले आहेत.

आधी त्या "दोन फटीं"बद्दल. गणित म्हणून मित्राचं बरोबर आहे. दोन बिंदूंच्या मध्ये तिसरा ठेवला की फटी दोनच होतात, आणि उद्या आणखी दोन सापडले तर चार होतील. म्हणजे जितका पुरावा जास्त तितक्या फटी जास्त. या हिशेबाने ज्याच्याकडे एकही जीवाश्म नाही त्याची बाजू सगळ्यांत भक्कम ठरेल! मात्र या घोळात आमचाही हात आहे. आम्हीच "दुवा" हा शब्द वापरत आलो. दुवा म्हटलं की साखळी डोळ्यांपुढे येते, आणि साखळीची एक कडी नसली तर साखळी तुटलीच. जीवाश्मांचं काम साखळीसारखं चालत नाही. ते जुन्या वाड्यातल्या फोटोंसारखं चालतं.

समजा, तुमच्या खापरपणजोबांचा फोटो नाही, पण त्यांच्या चुलत भावाचा आहे. डोक्यावर पगडी, अंगात बाराबंदी, आणि नाक अगदी तुमच्या आजोबांचं. हे गृहस्थ तुमचे पूर्वज नाहीत. तरी त्या काळी त्या घरातली माणसं कशी दिसत आणि काय नेसत, हे त्यांच्यावरून कळतं की नाही? मधल्या टप्प्याचा जीवाश्म हा बहुतेक वेळा असा चुलत आजोबा असतो. "हाच याचा बाप" असं आम्ही सहसा म्हणत नाही, म्हणू शकतही नाही. आम्ही इतकंच बघतो, की अमुक काळाच्या खडकात जुन्या आणि नव्या लक्षणांची जी सरमिसळ सापडायला हवी ती सापडते का, आणि नको त्या काळात ती दिसत नाही ना. मित्राशी बोलताना मुलाने एवढी एक गोष्ट धरून ठेवली तरी अर्धं काम झालं.

आता देवमासा. नावात मासा असला तरी तो सस्तन प्राणी आहे, फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिल्लाला दूध पाजतो, हे शाळेत शिकलेलं असतंच. म्हणजे उत्क्रांती खरी असेल तर त्याचे पूर्वज कधीतरी जमिनीवर चालत असले पाहिजेत. डार्विनला १८५९ साली हे दिसत होतं, पण दाखवायला हाडं नव्हती. त्याने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत पाण्यात तासन् तास तोंड उघडून पोहणाऱ्या आणि किडे गिळणाऱ्या काळ्या अस्वलाचं उदाहरण दिलं, आणि असा प्राणी हळूहळू देवमाशासारखा होऊ शकेल असं सुचवलं. लोकांनी इतकी टर उडवली की पुढच्या आवृत्तीत त्याने ते आवरतं घेतलं.

पुढची सव्वाशे वर्षं परिस्थिती फारशी सुधारली नाही. म्हणूनच विसाव्या शतकात अमेरिकेतले निर्मितिवादी, म्हणजे सगळे जीव देवाने वेगवेगळे घडवले असं मानणारे, वक्ते देवमाशावरच तुटून पडत. ड्युएन गिश हे त्यांतले सगळ्यांत गाजलेले. ते व्याख्यानात अर्धं धड गायीचं आणि मागे माशाची शेपटी असं व्यंगचित्र दाखवत आणि सभागृहात हशा पिकत असे. हे व्यंगचित्र लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

१९८१ साली फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल या जीवाश्मशास्त्रज्ञांनी पाकिस्तानातल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून मिळालेल्या कवटीच्या मागच्या भागाचं वर्णन केलं आणि प्राण्याला पाकिसेटस हे नाव दिलं. कवटीचा तुकडा लांडग्याच्या मापाचा होता. त्याला देवमाशात का घातलं? कानामुळे. देवमासे आणि डॉल्फिन यांच्या कानाखालच्या हाडाची आतली कड विलक्षण जाड आणि घट्ट असते. पाण्याखाली ऐकण्यासाठी ती कामी येते. ही कड पाकिसेटसला होती. पण कानाचा बाकीचा भाग पाण्यातल्या ऐकण्यासाठी पुरता तयार झालेला नव्हता.

मग १९९४ साली हान्स थेविसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी पाकिस्तानी पंजाबातल्या काला चिट्टा टेकड्यांतून अँब्युलोसेटस आणला. हा सुमारे तीन मीटर लांबीचा, मोठ्या पावलांचा, मगरीसारखा उथळ पाण्यात दबा धरून बसणारा प्राणी असावा. त्याच वर्षी गिंगरिच यांनी रोडोसेटस जाहीर केला. फटी भरायला लागल्या. किंवा मित्राच्या हिशेबाने, वाढायला लागल्या!

पण मला सगळ्यांत जास्त आवडतो तो भाग पुढेच आहे, कारण त्यात आम्ही जीवाश्मवाले तोंडघशी पडलो.

१९६० च्या दशकापासून आमचं ठाम मत होतं की देवमासे मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी खुरवाल्यांपासून आले. दातांचं साम्य जबरदस्त होतं. मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर तेच आकृती काढून शिकवलं. १९९० च्या दशकात डीएनएवाले म्हणू लागले, छे, देवमासे थेट समखुरी गटात बसतात. समखुरी म्हणजे गाय, शेळी, हरीण, उंट, डुक्कर, आणि त्यातही देवमाशाचा सगळ्यांत जवळचा हयात नातलग पाणघोडा. आम्ही नाकं मुरडली. प्रयोगशाळेत बसून नळ्या हलवणाऱ्यांनी आम्हाला हाडं शिकवावीत का, असा सूर होता.

वाद कसा मिटणार हे मात्र दोन्ही बाजूंना माहीत होतं. घोट्याच्या एका हाडावर.

हे हाड तुम्हाला घरबसल्या बघता येईल. मटणवाल्याकडे शेळीच्या मागच्या पायाचा घोट्याचा सांधा मागा. शिजवून मांस सुटलं की आत अंगठ्याच्या पेराहून थोडं मोठं, चौकोनी, जड असं एक सुटं हाड मिळतं. ते बोटांत धरून बघा. वरच्या टोकाला विहिरीच्या रहाटाच्या कप्पीसारखी खाच आहे, बाजूला दोन उंचवटे आणि मध्ये दोर बसावा तशी दरी. आता उलटं करा. खालच्या टोकालाही तशीच कप्पी आहे. दोन्ही टोकांना कप्पी असलेलं घोट्याचं हाड समखुरी प्राण्यांतच असतं. कुत्रा, मांजर, घोडा, माणूस, कुणाचंही बघा. वर कप्पी आणि खाली गोल डोकं नाहीतर सपाट भाग. ती दुहेरी कप्पी या गटाचा आधार कार्डावरचा अंगठा समजा. मी वर्गात हे हाड कित्येक वर्षं शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो. धुवायला टाकताना ते न काढल्याबद्दल घरी बोलणी खाल्ली ती वेगळी.

प्रश्न असा, की पाय शिल्लक असलेल्या जुन्या देवमाशाच्या घोट्यात काय मिळेल? मेसोनिकिड बरोबर असतील तर एकच कप्पी, डीएनएवाले बरोबर असतील तर दोन. २००१ च्या सप्टेंबरात दोन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष पाठोपाठ छापून आले. गिंगरिच यांच्या गटाकडे बलुचिस्तानातला रोडोसेटस होता आणि थेविसन यांच्या गटाकडे पाकिसेटस. दोन्हींच्या घोट्यात दुहेरी कप्पी. गिंगरिच स्वतः तोवर मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. त्यांनी मत बदललं, आम्ही फळ्यावरची आकृती पुसली.

आता ते गाय-माशाचं व्यंगचित्र आठवा. गिश यांनी टिंगल म्हणून ज्या कुळातलं जनावर निवडलं, देवमासा त्याच कुळातला निघाला.

इथे एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. निर्मितिवादी म्हणतात, "ते जे शोधायला जातात तेच त्यांना सापडतं." इथे जे शोधायला गेलो होतो त्याच्या उलट सापडलं. रक्तामांसातल्या डीएनएवरून केलेलं भाकीत पाच कोटी वर्षांपूर्वीच्या दगडातल्या हाडाने खरं ठरवलं, तेही विरोधी पक्षाच्या माणसाच्या हातून. देवमासा स्वतंत्रपणे घडवलेला असेल, तर चार पाय असलेल्या देवमाशाच्या घोट्यात शेळीचीच कप्पी का असावी, याला त्यांच्याकडे "देवाची मर्जी" यापलीकडे उत्तर नाही. मर्जीला नाही म्हणता येत नाही, पण तिच्यावरून पुढच्या हाडाचं भाकीतही करता येत नाही.

कच्छबद्दल थोडं सांगतो. लखपत तालुक्यातल्या हरुडी गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक शैलसमूह आहे. चॉकलेटी रंगाचा चिखलदगड, मधूनमधून चमकणारं जिप्सम, आणि वरच्या फुलरा चुनखडीतून सुटून पडलेली न्युम्युलाइट्स. ही म्हणजे एकपेशीय समुद्री जीवांची नाण्यांसारखी चपटी कवचं, पायाखाली पसरलेली असतात. पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थी खिसे भरून घेतो, तिसऱ्या दिवशी वैतागून ओतून टाकतो. उन्हात, गांडो बावळच्या, म्हणजे वेड्या बाभळीच्या, काट्यांतून वाकून चालायचं आणि चॉकलेटी मातीत वेगळ्या पोताचा तुकडा दिसतो का बघायचं. बहुतेक वेळा कासवाची पाठ नाहीतर माशाचा मणका निघतो.

या खडकांतून अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्र यांनी १९७० च्या दशकात देवमाशांची पहिली महत्त्वाची हाडं वर्णिली. त्यातल्या एकाला पुढे रेमिंग्टनोसेटस नाव मिळालं. लांब, निमुळतं तोंड, बारीक डोळे, आखूड पाय. सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी २००० साली त्याचा छोटा भाऊबंद कच्छिसेटस जाहीर केला. पाणमांजरासारखा लांब शेपटीचा. कच्छचं नाव देवमाशाच्या कुळात असं अजरामर झालं.

या कुळातल्या कवट्यांचं सीटी स्कॅन करून २००२ साली एक सुंदर काम झालं. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. आजच्या देवमाशांत त्या शरीराच्या मानाने फारच छोट्या असतात, कारण पाण्यात गिरक्या घेताना मोठ्या नळ्या घेरी आणतील. रेमिंग्टनोसेटसमध्ये त्या आधीच आक्रसलेल्या निघाल्या. पाय अजून होते, पण कानाने जमीन सोडली होती. एकाच जनावरात जुनं शरीर आणि नवा कान! "अर्धा हा-अर्धा तो" म्हणजे असं. अर्धं धड गाय आणि अर्धं मासा असं कुणी कधी अपेक्षिलंच नव्हतं. लक्षणं एकेक करून, वेगवेगळ्या वेगाने बदलतात. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, कोण गोडं पाणी पीत होतं आणि कोण समुद्राचं, हेही कळतं. पाकिसेटस गोड्या पाण्यावर जगत होता. नंतरच्या गटांत खारं पाणी दिसू लागतं.

आणि जम्मूतला इंडोह्यूस. राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षं घरीच पडून होते. त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या हवाली केले. ओहायोतल्या प्रयोगशाळेत कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाजवळचं हाड चुकून तुटलं. तुटलेल्या कडेत देवमाशाची ती ओळखीची जाड कड! प्राणी मांजराएवढा, हरणासारखा, खुरवाला. पायांची हाडं जड, पाण्यात बुडून चालणाऱ्यांची असतात तशी. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. मजा म्हणजे इंडोह्यूस हा पाकिसेटसहून किंचित अलीकडचा. म्हणजे तो आजोबा नव्हे, आजोबांचा चुलत भाऊ जो जरा जास्त जगला. यावरून "बघा, क्रम चुकला" असं म्हणणारे भेटतील. तुमचे काका तुमच्या वडिलांनंतर वारले म्हणून काका तुमचे काका नव्हते, असं होत नाही.

हाच मुद्दा टिक्टालिकलाही लागू पडतो. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर २००४ साली सापडलेला ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, मान असलेला आणि पोहायच्या परांत मनगटाची हाडं असलेला मासा. नील शुबिन आणि सहकारी अमुक वयाच्या नदीच्या गाळाचा खडक नकाशावर हेरून तिथे गेले होते, हे त्याचं मोठेपण. २०१० साली पोलंडमध्ये त्याहून जुन्या खडकात चार पायांच्या प्राण्याच्या पाऊलखुणा निघाल्या आणि निर्मितिवाद्यांनी दिवाळी साजरी केली. टिक्टालिक चुलत घराण्यातला आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्या पाऊलखुणांमुळे चारपायी प्राणी कधी निघाले याची तारीख मागे सरकली, आणि हा काही लहान बदल नाही, हेही मान्य करायला हवं.

चुकांची कबुली देतोच आहे तर पुरती देतो. पाकिसेटसची फक्त कवटी हाती असताना काढलेल्या चित्रांत तो पोहत मासे पकडताना दाखवला होता. धड मिळालं तेव्हा पाय लांब आणि सडपातळ निघाले. रोडोसेटसच्या शेपटीला आडवा पंखा असावा असा अंदाज गिंगरिच यांनी आधी मांडला होता. पुढचे पाय मिळाल्यावर तो त्यांनीच मागे घेतला. निर्मितिवादी ध्वनिचित्रफितींत ही कबुली गुन्ह्याच्या कबुलीजबाबासारखी दाखवतात. मला विचाराल तर चित्रकाराच्या कुंचल्यावर विश्वास ठेवूच नये. संग्रहालयात गेलात तर कुठली हाडं खरी आणि कुठली प्लास्टरची, ते विचारा. चांगल्या ठिकाणी रंग वेगळा ठेवलेला असतो.

लबाडीही झाली आहे. माणूस आणि वानर यांच्यामधला म्हणून गाजलेला १९१२ चा पिल्टडाउन माणूस १९५३ साली खोटा ठरला. डायनोसॉर आणि पक्षी यांच्यामधला म्हणून गाजलेला १९९९ चा आर्किओरॅप्टर म्हणजे चीनमध्ये एकत्र चिकटवलेले वेगवेगळे प्राणी. आपल्याकडेही हिमालयातल्या जीवाश्मांच्या नावाखाली परदेशी नमुने खपवल्याचं प्रकरण १९८९ साली जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने चव्हाट्यावर आणलं. तिन्ही वेळा चोर पकडणारे आमच्यातलेच होते.

देवमाशाच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. इजिप्तमधली वादी अल-हितान ही दरी २००५ साली जागतिक वारसा ठरली. तिथे बॅसिलोसॉरसचे सांगाडे वाळूत उघडे पडलेले आहेत. पंधरा मीटरहून लांब जनावर आणि मागचे पाय जेमतेम फूटभराचे, पण गुडघा, घोटा, बोटं सगळं जागच्या जागी. आजच्या डॉल्फिनच्या गर्भातही मागच्या पायांचे कोंब काही काळ उमटतात आणि मग विरतात. २००६ साली जपानमध्ये मागे दोन जादा पर असलेला एक जिवंत डॉल्फिन पकडला गेला होता.

आता वयाचा प्रश्न, कारण तरुण पृथ्वीवाद्यांचा खरा आग्रह तिथे आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलातल्या वंशावळी जुळवून जगाचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये बसवला. त्या काळात ते प्रामाणिक विद्वत्तेचं काम होतं, त्यांची चेष्टा करू नये. मुलाचा मित्र बहुधा कार्बन डेटिंग कसं फसवं आहे ते सांगेल. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, ५,७३० वर्षं. कोटींच्या हिशेबाला ते आम्ही वापरतच नाही. शंभर मैल मोजायला कुणी शिंप्याची टेप घेत नाही. तिथे युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजावं लागतं, आणि ते घड्याळ झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकात बंद असतं. दख्खनच्या लाव्ह्याचं सुमारे ६.६ कोटी वर्षं हे वय अशाच झिरकॉनवरून पक्कं झालं आहे.

पण मला आकड्यांपेक्षा थर जास्त पटवतात. कच्छ एकच जिल्हा. भुजच्या उत्तरेला लोडाईजवळ जुरासिक खडकात इक्थिओसॉर सापडला, २०१७ साली गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. इक्थिओसॉर म्हणजे डॉल्फिनसारख्या अंगलटीचा समुद्री सरपटणारा प्राणी. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला देवमासे. दोन्ही खडकांच्या मध्ये दख्खनचा लाव्हा. जगभरात कुठेही, एकाही थरात, देवमासा आणि इक्थिओसॉर शेजारी सापडलेले नाहीत. पुराने सगळे एका वर्षात गाडले असतील तर हे दोघे, एकाच आकाराचे, एकाच पाण्यात पोहणारे, वेगळे का पडले? "हलके वर, जड खाली" किंवा "चपळ प्राणी उंचावर पळाले" ही उत्तरं दिली जातात. समुद्रात उंचावर कुठे पळणार?

आणि मुंबईचे बेडूक. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडतात. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं होतं, आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात बेडकांच्या पिढ्या झाल्या, मग पुन्हा लाव्हा. घाटात गाडी थांबवून कडा बघा. काळ्या थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. दोन उद्रेकांच्या मध्ये खडकाची माती होण्याइतका वेळ गेल्याची ती खूण. हे सगळं चाळीस दिवसांच्या पावसात आणि वर्षभराच्या महापुरात, पाण्याखाली, बसवून दाखवा म्हणावं.

त्यांच्या गोटातलेही काही जण हे जाणतात. कर्ट वाइज यांनी हार्वर्डमध्ये नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि ते आजही तरुण पृथ्वी मानतात. मधल्या टप्प्याच्या जीवाश्मांच्या मालिका हा उत्क्रांतीच्या बाजूचा चांगला पुरावा आहे, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. त्यांचा निर्णय श्रद्धेचा आहे आणि तो ते श्रद्धेचाच म्हणून सांगतात. मला हा माणूस आदरणीय वाटतो. उलट गुल्ड यांचं "मधले प्रकार दुर्मिळ" हे वाक्य अर्धं तोडून वापरलं जातं. ते प्रजाती-प्रजातींमधल्या बारीक टप्प्यांबद्दल होतं. मोठ्या गटांमध्ये मधले प्रकार भरपूर आहेत, हे त्यांनी वैतागून पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

आणखी एक विनोद. नोहाच्या जहाजात सगळ्या प्रजाती मावत नाहीत, म्हणून आता ते म्हणतात की मांजराच्या "जाती"ची एकच जोडी होती. तिच्यापासून सिंह, वाघ, चित्ता, मनी, सगळे साडेचार हजार वर्षांत झाले. इतकी वेगवान उत्क्रांती मांडायची हिंमत आमच्यातल्या कुणाचीही नाही!

२००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथे हा वाद कोर्टात गेला. तिथला मुद्दा तरुण पृथ्वीचा नव्हता, "बुद्धिमान रचने"चा, म्हणजे जीवांमागे कुणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे या मताचा, होता. जीवाश्मशास्त्रज्ञ केविन पेडियन यांनी साक्षीत देवमाशांची हीच मालिका पडद्यावर दाखवली. त्या खटल्यात शाळेने सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे बाहेर आले. आधी "क्रिएशनिस्ट्स" होतं, तिथे "डिझाइन प्रोपोनंट्स" घालताना एका ठिकाणी चुकून "सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स" राहून गेलं. मधला दुवा मागणाऱ्यांच्या स्वतःच्याच मसुद्यात तो असा सापडला. न्यायमूर्ती जोन्स यांनी निकाल विज्ञानाच्या बाजूने दिला.

आपल्याकडे तरुण पृथ्वीचं खूळ रुजत नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीच्या ४५४ कोटींशी तो आकडा जवळ आहे म्हणून हुरळून जाऊ नका, एकाचं मूळ पुराणात आहे, दुसऱ्याचं शिशाच्या समस्थानिकांत. पण "माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?" हा प्रश्न २०१८ साली औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी विचारलाच होता, आणि २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गळाली. दशावतारात उत्क्रांती दडली आहे असं कुणी म्हटलं की मला देवमासा आठवतो. तो जमिनीवरून परत पाण्यात गेला. त्याला कुठल्या अवतारात घालणार?

मुलाने मित्राशी कसं बोलावं, हे तुम्ही शेवटी विचारलंय. त्याच्या देवाबद्दल बोलू नये. ते आपलं काम नाही, आणि देव मानणारे कितीतरी जीवाश्मशास्त्रज्ञ आहेत. "काय सापडलं तर तुझं मत बदलेल?" एवढं एकदा विचारावं आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यावं. आपलं उत्तर तयार ठेवावं. माझं असं आहे: हरुडीच्या देवमाशाखाली, लोडाईच्या जुरासिक खडकात, इक्थिओसॉरच्या बरगड्यांत अडकलेला डॉल्फिनचा एक दात.

आणि ते हाड करून घ्या. तुमच्याकडच्या हलाल दुकानात शेळी मिळेल, कोकराचंही चालेल. सांधा करवतीने कापू नका म्हणून सांगा, नाहीतर नेमकं तेच हाड दोन तुकडे होऊन येतं. मंद आचेवर उकळा, मांस सुटलं की जुन्या टूथब्रशने घासा. पांढरं करायचं असेल तर ब्लीच वापरू नका, हाड भुसभुशीत होतं. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड एक दिवस पुरे. सावलीत वाळवा. कोंबडीच्या पायात शोधत बसू नका, तिथे हे हाड सुटं नसतंच.